मामाजी, कॅरियर मोकळा केला

मामाजी, बॅटरी काढली मी सायकलीच्या कॅरियरवरून. तुम्हीच बसवलेली, तुमच्याच हातानं नट आवळलेली. काढताना पाना सटकला अन् बोटाचं साल निघालं. "इतकं कायले आवळता जी, वाघ बांधाचा हाय का?" असं मी तुम्हाला नेहमी म्हणायची, तसंच परवाही मोठ्यानं म्हणून गेली. मग पडवीकडं पाहिलं. खाट उभी करून ठेवलेली होती. ऐकणारं कोणी नव्हतं.

तेरवी होऊन गेली. पाहुणे गेले, मांडव उतरला. यांना कंपनीतून फोनवर फोन येऊन राहिले होते, म्हणून हेही नागपूरला परत गेले. आता घरात मी अन् मामी, सून अन् सासू. दोघींचा स्वयंपाक म्हणजे काय स्वयंपाक! मूठभर तांदूळ टाकला तरी उरते. लोक येतात, म्हणतात मामाजी मोठे चांगले होते, देवमाणूस होते. मी मान हलवते. देवमाणूस कसले, हट्टी होते तुम्ही. एक नंबरचे हट्टी. अन् तुमच्याशी भांडायला मिळत नाही म्हणून माझा दिवस जात नाही, हे मी त्या लोकांना कसं सांगू?

सांगायचं ते वेगळंच आहे. मामीचा भाऊ तेरवीला आला नाही. आपल्याकडं दुखवट्याचं लुगडं भावानं आपल्या हातानं बहिणीच्या ओटीत टाकावं लागते, तेव्हा ती दुःखातून उठली असं धरतात. पण त्याला दिवाळीनंतर लकवा मारला, एक बाजू गेली, बोललेलं कोणाला उमगत नाही. त्यानं लुगडं लेकाच्या हाती पाठवलं. मामीनं ते घेतलं, घडी न मोडता मांडीवर ठेवलं अन् बसली. तुम्ही गेल्यापासून ती रडली नव्हती. बायका माझ्या कानाशी लागत, "रडव वो तिले, नाही तं छातीत बसन." त्या लुगड्यावर मात्र ती अशी रडली की मलाच भेव वाटलं.

रडणं ओसरल्यावर म्हणाली, "आता गेलाच पायजे मले भावाकडं. त्याचं का खरं हाय? पन जाऊ कायनं? तुह्या मामाजीनं म्हटलं व्हतं, यंदा मंडईच्या जत्रेले कुंदा तुले सायकलीवर नेते म्हून. मंडई बी गेली अन् थे बी गेले."

मी तिच्या तोंडाकडं पाहतच राहिली. मला कधी म्हटलं तुम्ही हे? एका शब्दानं तरी?

मामीला मोटार चालत नाही, हे साऱ्या गावाला माहीत आहे. एसटी असो, ऑटो असो, जीप असो, नाल्यावरच्या रपट्यापर्यंत पोचत नाही तं तिला वांती होते. फटफटीवर तर तिचा जीव अर्धा होते. तिचं माहेर म्हणजे मी अंगणवाडी चालवते तोच टोला, जंगलापल्याडची लहानशी वस्ती. जंगलातला रस्ता, मधात रपटा, मग तो लांब चढ. बैलजोडी होती तोवर दर साली दिवाळीनंतर तिच्या माहेरच्या मंडईला तुम्ही तिला बंडीत बसवून नेत होते. रातभर नाटक पाहायचं, भावाच्या घरचे वडे खायचे, दुसऱ्या दिवशी परत. ट्रॅक्टर आला, बैल विकले, अन् मामीचं जाणं थांबलं. भाऊच अधूनमधून येऊन भेटून जाई. मामी त्याबद्दल कधी बोलली नाही. मला वाटायचं, वय झालं, आता कायले माहेराची ओढ राहते. किती येडी मी! माहेराची ओढ का वयानं सुटते?

अन् तुम्ही ते मनात धरून बसले होते. म्हणून तुम्हाला सायकलीचा कॅरियर मोकळा पाहिजे होता.

किती भांडलो आपण त्या कॅरियरवरून! माझा गुडघा शेताच्या धुऱ्यावरून पडून मोडला, तो कधी धड बसलाच नाही. पूर्ण वाकत नाही, पायडल मारता येईना. टोल्याची अंगणवाडी सोडावी लागते की काय, असं झालं होतं. हे फोनवर म्हणाले, सोडून दे. सकाळी उठून पाहते तं माझी जुनी लेडीज सायकल आंगणात उलटी अन् तुम्ही तिचं मागचं चाक गरागरा फिरवून राहिले.

"याले मोटार लागते म्हन्तेत," तुम्ही म्हणाले. "बॅटरीवाली. लावू."

"कोनी सांगतलं तुम्हाले?"

"मोबाइलवर पाह्यलं. तुले का वाटते, मी निस्ते बैलाच्या शंकरपटाचेच व्हिडिओ पाह्यतो?"

सासऱ्यानं सुनेसाठी सायकल खोलून बसायचं, हे आपल्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. बाया पाण्याला जाता जाता थांबत अन् पदराआड हसत. तुम्ही त्यांना म्हणत, "हासा, हासा. उद्या तुमच्या सुना बी रडतीन, आमाले अशी पायजे म्हून."

बॅटरी गोंदियाहून यायची होती. पण ती कुठं बसवायची ते तुम्हाला आधीच ठरवायचं होतं. म्हणून तिच्या वजनाइतकं धान पोत्याच्या तुकड्यात बांधलं अन् ते गाठोडं कधी कॅरियरवर, कधी हँडलला, कधी पायडलाजवळच्या तिरप्या नळीला बांधून मला आंगणात फिरवायला लावलं. मी सायकलीवर, तुम्ही मागून ढकलत. "एक हात सोड. आता वळव. आता सांग, कुठं ओढते?" त्या गाठोड्याला भोक होतं. आंगणभर धानाची रेघ, रेघेवर कोंबड्या, अन् कोंबड्यांच्या मागं मामी खराटा घेऊन शिव्या देत. आठवलं की अजून हसू येते. हसता हसता मग मी उठून चुलीपाशी जाऊन बसते, म्हणजे धुराचं निमित्त होते.

तुमचं सारं शास्त्र बंडीचं. वजन मागं गेलं की बंडी उलार होते, जू वर उचलते अन् बैलाच्या गळ्याला फास बसते. पुढं गेलं तर बैलाचा खांदा सोलते. वजन चाकाच्या आखावर पाहिजे. मी म्हटलं, "सायकलीले दोन आख हायेत मामाजी, बैल एकबी नाही." तुम्ही थोडा विचार केला. म्हणाले, "मंग दोन्ही आखाच्या मधात. अन् जमिनीजवळ." म्हणजे ती पायडलाजवळची तिरपी नळी.

"तिथं रपट्याचं पानी लागन. कॅरियरवर ठेवा. उंच राह्यते, कोरडी राह्यते."

"कॅरियर मोकळा पायजे."

"काऊन?"

"मोकळाच बरा दिसते."

आता हे काय उत्तर झालं? मी तुमच्या मागं लागली. सकाळी विचारलं, संध्याकाळी विचारलं. तुम्ही म्हणत, घरात एखादी बाज रिकामी ठेवते का नाही माणूस, आल्या-गेल्यासाठी? शेवटी मी चिडली अन् तोंडातून निघून गेलं, "तुम्हालेच बसाचं असन मांगं, तं सरळ सांगा ना! मी नेते तुम्हाले, मले कोनाची लाज नाही." तुमचं तोंड असं लाल झालं! सासरा अन् सुनेच्या मागं सायकलीवर! "मले पाय हायेत," इतकं बोलून तुम्ही बिडी शिलगावली अन् बोडीच्या तळ्याकडं निघून गेले.

तुम्हाला पाय होते, मामाजी. पण तोंड नव्हतं. साऱ्या जगाशी बोलत होते, गोंदियाच्या दुकानदाराशी हिंदीत हुज्जत घालत होते, अन् "तुह्या मामीले माहेरी नेऊन दे" इतकं म्हणायला तुमची जीभ रेटली नाही. जन्मात कधी तिला नावानं हाक मारली नाही तुम्ही. "आयकलं का" म्हणायचं, बस. सुनेसमोर बायकोचं कौतुक केलं तर लोक काय म्हणतीन! मला राग येऊन राहिला तुमचा. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते. एका वाक्यात काम होतं. तुम्ही बोलले असते तं मी ती बॅटरी डोक्यावर घेऊन सायकल चालवली असती.

पण माझं बोलणं तुम्हाला कधी लागलं नाही, हे खरं आहे. माझ्या माहेरी मी फटकळ म्हणून बदनाम. आई लग्नात रडली ती मी दूर जाते म्हणून नाही, ही सासरी टिकते का म्हणून. अन् इथं मला भेटले तुम्ही, शब्दाला शब्द देणारे. टायरांचंच पाहा ना.

मोटारचं नवीन चाक आलं तेव्हा माझं जुनं टायर अजून चांगलं होतं. फेकायचं कायले, म्हणून तुम्ही ते नव्या रिंगवर चढवायला बसले. दोन्हीवर सव्वीसच लिहिलेलं. पण टायर रिंगवर बसेचना. म्हातारीच्या मनगटात बांगडी फिरावी तसं नुसतं गरगर फिरे. तुम्ही चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला, मला वाचायला लावला. सव्वीसच. मग कळलं की सव्वीस-सव्वीसमध्येही फरक असते, जुन्या लेडीज सायकलीचं सव्वीस वेगळं अन् या नव्या रिंगचं वेगळं. तुम्ही म्हणाले, "दोन जावा एकाच वयाच्या, पन एकीची चोळी दुसरीले येत नाही, तसं हाय हे." अन् मग आपण रेल्वेनं गोंदियाला गेलो.

दुकानदार म्हणे, "चाचाजी, फॅट टायर ले लो बहनजी के लिए. एकदम बुलेट लगेगी." तुम्ही ते जाड टायर हातात घेऊन अंगठ्यानं दाबलं, वास घेतला, खाचांत नख घालून पाहिलं. "इसमें का चिखल निकलता है क्या?" दुकानदार बावचळला. "चिखल मतलब?" तुम्ही त्यालाच रागावले, "अरे कीचड, कीचड! गोंदिया में रहता है और चिखल नहीं समझता?" मी तोंडात पदर कोंबला.

मला बारीक, सपाट टायर पाहिजे होतं. डांबरीवर सरसर जाते, बॅटरी कमी खाते. तुम्हाला रुंद अन् खाचेचं पाहिजे होतं, कारण बंडीचं बारीक चाक चिखलात कसं कापत खाली जाते ते तुम्ही जन्मभर पाहिलेलं. "डांबर कुठवरी हाय?" तुम्ही म्हणाले. "रपट्यापर्यंत. पुढं का उडत जाशीन?" मी म्हटलं, "अन् तुमच्या खाचात भरलेला चिखल मडगार्डात अटकन, मंग ढकलत जाऊ का?" दुकानदार आळीपाळीनं दोघांकडं पाहून राहिला होता. त्याला वाटलं असेल बाप-लेक आहेत. शेवटी तोडगा तुम्हीच काढला. पुढचं टायर माझं, बारीक. मागचं तुमचं, मोटार आहे तिथलं, रुंद. त्या रुंद टायरपायी मागचं मडगार्ड काढावं लागलं, अन् पहिल्याच पावसात माझ्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची नांगरटी झाली. अंगणवाडीतली लेकरं खो-खो हसली. संध्याकाळी मी पाठ दाखवली तर तुम्ही ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून मागं लटकवून दिला. तो अजून आहे.

अन् बॅटरी? ती तुमच्या हट्टानं खालीच बसली. मी हरली. बरं चालूनही राहिलं होतं. रपट्यावर पाणी असलं की मी उतरून बाजूच्या उंचवट्यावरून सायकल काढायची. अर्धा पावसाळा चाललं ते. मी पुन्हा टोल्याला जायला लागली, मला माझं काम परत मिळालं. ते तुमच्यामुळं मिळालं, हे मी गावभर सांगितलं. तुम्हाला सोडून साऱ्यांना सांगितलं.

मग पोळा आला. बैल विकल्यापासून पोळा जवळ आला की तुम्ही कावरेबावरे होत. दुसऱ्यांच्या बैलांना रंग द्यायला जात अन् उदास होऊन परत येत. या वेळी मात्र गंमतच केली. आदल्या दिवशी संध्याकाळी दुसरे लोक बैलांचे खांदे शेकून राहिले होते, अन् तुम्ही हळद-तूप घेऊन सायकलीच्या हँडलला चोळून राहिले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं तिला म्हणाले पण! मी अन् मामी हसून हसून बेजार. सकाळी आम्ही दोघी वड्यांच्या घाईत, अन् तुम्ही सायकल घेऊन बोडीवर. बाकीचे बैल घेऊन पाण्यात उतरलेले, त्यांच्यात तुम्ही सायकल घेऊन. चाकं बुडतील इतक्या पाण्यात उभी केली अन् दोन्ही हातांनी पाणी मारून, घासून, चोळून धुतली. बेगड लावून, तोरण बांधून घरी आणली तेव्हा सायकल चकचकीत अन् तुम्ही नवरदेवासारखे खूश.

मी ओरडली, "मामाजी! बॅटरी!"

"बैल धुतो तशीच धुतली," तुम्ही म्हणाले. "चांगली खसाखसा."

त्या दिवशी ती चालली. दुसऱ्याही दिवशी चालली. मग एका सकाळी जंगलात, रपट्याच्या अलीकडं, मेली. बटणाला काही समजेना. एक माणूस नाही रस्त्यावर. मी ढकलत ढकलत परत निघाली. ती मोटारची सायकल ढकलणं म्हणजे खेळ नाही, अन् गुडघा दर पावलाला कळ मारे. अर्ध्या वाटेत समोरून तुम्ही येताना दिसले, अनवाणी, धापा टाकत. टोल्यावरून कोणीतरी फोन केला होता की बाई पोचली नाही म्हणून. तुम्ही माझ्या हातून सायकल घेतली. माझ्या सुजलेल्या पायाकडं एकदा पाहिलं. घर येईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलले नाही. मीही नाही बोलली, अन् मी न बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत होतं.

बॅटरी वाचली, वायरींचे जोड सडले होते, ते बदलले. अन् संध्याकाळी तुम्ही पाना घेऊन बसले अन् बॅटरी उचलून कॅरियरवर बसवली. नट इतके आवळले की हाताच्या शिरा फुगल्या. "झालं ना तुह्या मनासारखं?" तुम्ही म्हणाले. मी म्हटलं, "झालं." मला तर जिंकल्यासारखं वाटलं होतं. मामी तिथंच सुपात तांदूळ निवडून राहिली होती. तिनं नुसतं वर पाहिलं अन् पुन्हा खाली मान घातली.

त्या संध्याकाळी मी आत गेल्यावर तुम्ही तिला काय म्हणाले ते तिनं मला आता सांगितलं, लुगडं मांडीवर घेऊन. "नाही जमत," म्हणाले तुम्ही तिला. "पोरीचं पोट हाय त्याच्यावर, तिचा पाय हाय. तुले मी दुसरं कायनं तरी नेईन."

पोरगी म्हणाले तुम्ही मला. तोंडावर सदा "बाई" अन् पाठीमागं पोरगी.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. बॅटरी मागं गेल्यापासून सायकल चढावर नाचे. पुढचं चाक हलकं पडे, हँडल हाताला थरथर लागे. म्हणजे तुमचं उलार खरं होतं, अन् पाण्याचं माझं खरं होतं. सांगू म्हटलं सावकाश, एवढी काय घाई आहे, चिडवायला कामाला येईल. धान घरात आलं. एका सकाळी तुम्ही छातीला हात लावून बसले, अन् दवाखाना यायच्या आधीच वाटेत तुम्ही गेले. ज्याला चिडवायचं तोच गेला. आता मी कोणाला सांगू की तुम्ही बरोबर होते?

म्हणून परवा मी सायकल आंगणात घेऊन बसली. बॅटरी हातात धरून एकेक जागा लावून पाहिली. तुम्ही खाली म्हणत होते, मी मागं म्हणत होती. सीटच्या खाली एक उभी नळी आहे, तिच्याकडं दोघांनीही कधी पाहिलं नाही. तिथं पुढच्या अंगानं बॅटरी उभी बसते. मधातही राहते, उंचही राहते. वेल्डिंगवाल्याकडून पट्ट्या करून आणल्या, वायरीचं तोंड वरच्या बाजूला घेतलं, त्यावर ट्यूबचा तुकडा बांधला. चढताना पाय जरा अडखळते, अन् सीटवर बसली की माझा दुखरा गुडघा तिला घासते, म्हणून चिंधी गुंडाळली आहे. घासू दे. कॅरियर मोकळा झाला. त्याच्यावर गोधडीची घडी बांधली अन् दोन्ही बाजूंना पाय ठेवायला जागा करून घेतली.

मामी तयार होईना. नवरा जाऊन किती दिवस झाले अन् ही सुनेच्या सायकलीवर माहेरी निघाली, लोक काय म्हणतीन! तुमचंच पाणी लागलेलं तिला, "लोक काय म्हणतीन". शेजारीण बोललीच, "अवो, थोडं तं थांबाचं." मी म्हटलं, "आमी थांबतो, पन तिचा भाऊ थांबते का, विचारून सांगता?" मामी आत जाऊन भावानं पाठवलेलं ते लुगडं नेसून आली.

भेट झाली त्यांची, मामाजी. हे आधी सांगून टाकते, तुमचा जीव तिथं अटकलेला असेल म्हणून. त्याला बोलता येत नाही, पण बहीण दारात दिसली तशी त्याची चालती बाजू सारी हलली. तिनं त्याला हातानं पेज चारली. दोघं दिवसभर एकमेकांचा हात धरून बसले होते. तो तिच्या लुगड्याचा काठ चाचपून पाही अन् रडे. परत निघताना ती म्हणाली, "अखीन येईन," अन् माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मी तं रोजच येते. रोज या."

पण मला सांगायचं आहे ते जातानाचं, चढावरचं.

रपट्यापर्यंत मामी माझ्या कमरेला अशी घट्ट धरून होती की मला श्वास घेववेना. मग हळूहळू हात ढिला झाला. वांती नाही, मळमळ नाही. "तो पाहा मोह," एका झाडाकडं बोट करून म्हणाली. "तो अजून हायेच." रपटा कोरडा होता, पार झाला. चढ लागला. मोटार घुं घुं करून बरोबर चढून राहिली होती, हँडल मी दाबून धरलं होतं. अन् एकाएकी मागचं वजन गेलं. ब्रेक दाबून मागं पाहते तं मामी रस्त्यावर उभी, कॅरियरला हात लावून. चालत्या सायकलीवरून उतरली होती, त्या वयात!

"काऊन उतरल्या वो मामी? हाड मोडाचं हाय का?"

"चढ हाय ना," ती म्हणाली. "चढावर उतरा लागते. दमते थे."

"बैल हाय का थो? मोटार हाय. बसा."

ती बसेना. कॅरियरला हात लावून मागून चालायला लागली, जोर लावून, ढकलल्यासारखी. मी विचारलं, "बंडीतून बी उतरत व्हत्या का तुम्ही या चढावर?"

मामी थांबली. धाप लागली होती तिला. नव्या लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं.

"मी कधीच नाही उतरली," ती म्हणाली. "तुहे मामाजी उतरत. कासरा धरून बैलाच्या संगं पायी चालत, वरपर्यंत. मी म्हनो, उतरतो जी मी बी, बाया हासतेत, नवरा पायी अन् बायको बंडीत. तं म्हनत, तू बस. दर साली. तू बस." मग रस्त्याकडं पाहत म्हणाली, "आता उतरनारा कोनी नाही ना. म्हून मी उतरली."

मामाजी, मी सायकलीवरून खाली उतरली. गुडघ्यातून कळ गेली ती थेट डोक्यात. मामीचा दंड धरला अन् तिला कॅरियरवर बसवलं. हँडल हातात घेतलं, मूठ थोडी पिळली, अन् सायकल माझ्या बाजूनं हळूहळू चढायला लागली.

"अवो कुंदा, तुहा पाय!" मागून मामी म्हणाली.

मी म्हटलं, "तुम्ही बसा."